अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती आणि स्पीकरची संवेदनशीलता

घरात संगीत ऐकण्यासाठी निवडलेला स्पीकर, तो ज्या खोलीत ठेवायचा ती खोली आणि ऐकणाऱ्याला हवा असलेला आवाज यांचा विचार करून अ‍ॅम्प्लिफायर किती वॅटचा असावा हे ठरवणे, याला अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती आणि स्पीकरची संवेदनशीलता यांचा मेळ घालणे असे म्हणता येईल. अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती वॅटमध्ये सांगितली जाते, तर स्पीकरची संवेदनशीलता डेसिबेलमध्ये. खरेदीच्या वेळी ग्राहक बहुधा पहिला आकडा विचारतो आणि दुसऱ्याकडे त्याचे लक्ष जात नाही. प्रत्यक्षात खोलीत आवाज किती मोठा येईल हे ठरवण्यात दुसऱ्या आकड्याचा वाटा मोठा असतो. संवेदनशीलतेतील १० डेसिबेलचा फरक हा शक्तीतील दहापट फरकाइतका भरतो. घरगुती स्पीकरांची संवेदनशीलता सुमारे ८२ डेसिबेलपासून १०० डेसिबेलच्याही पुढे असू शकते. त्यामुळे ज्या आवाजासाठी एका घरात दोन वॅट पुरतात, त्याच आवाजासाठी दुसऱ्या घरात शंभर वॅटही अपुरे पडतात.

स्पीकरच्या पाठीवर छापलेले वॅट ही या दोहोंहून वेगळी, तिसरी गोष्ट आहे. ‘१०० वॅटचा स्पीकर’ म्हणजे शंभर वॅट आवाज देणारा स्पीकर नव्हे. तेवढी विद्युतशक्ती सहन करू शकणारा स्पीकर, इतकाच त्याचा अर्थ आहे. हा आकडा स्पीकरची सहनशक्ती सांगतो. तो मोठ्याने वाजतो की हळू, याविषयी त्यातून काहीच कळत नाही.

संवेदनशीलतेचे मोजमाप

स्पीकरला एक वॅट शक्ती दिली असता त्याच्या समोर एक मीटर अंतरावर जेवढा ध्वनिदाब निर्माण होतो, त्याला त्या स्पीकरची संवेदनशीलता म्हणतात. ध्वनिदाब मोजताना २० मायक्रोपास्कल हा दाब शून्य डेसिबेल मानतात. निरोगी कानाला जेमतेम ऐकू येणारा आवाज साधारण तेवढा असतो.

अलीकडे एक वॅटऐवजी २.८३ व्होल्ट असा उल्लेख अधिक आढळतो. ८ ओहम संरोधाच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट दिल्यास बरोबर एक वॅट शक्ती खर्च होते, त्यामुळे दोन्ही पद्धतींचे उत्तर एकच येते. स्पीकर ४ ओहमचा असेल तर मात्र तेवढ्याच व्होल्टला दोन वॅट खर्च होतात आणि आकडा ३ डेसिबेलने वाढलेला दिसतो. म्हणजे २.८३ व्होल्टला ९० डेसिबेल देणारा ४ ओहमचा स्पीकर एका वॅटला ८७ डेसिबेलच देतो. दोन स्पीकरांची तुलना करताना हा आकडा कोणत्या पद्धतीने काढला आहे हे आधी पाहावे लागते, आणि माहितीपत्रकात ते नेहमी ठळकपणे दिलेले असतेच असे नाही.

संवेदनशीलता आणि कार्यक्षमता यांचे निकटचे नाते आहे. स्पीकर आपल्या पुढील अर्ध्या अवकाशात सर्व दिशांना सारखा आवाज सोडतो असे धरले, तर दिलेल्या शक्तीचे शंभर टक्के ध्वनीत रूपांतर करणाऱ्या आदर्श स्पीकरची संवेदनशीलता सुमारे ११२ डेसिबेल येते. या हिशेबाने ९२ डेसिबेलचा स्पीकर एक टक्का कार्यक्षम असतो आणि ८२ डेसिबेलचा एक दशांश टक्का. उरलेली जवळजवळ सर्व शक्ती कॉइलमध्ये उष्णता होऊन जाते. घरातील विजेच्या उपकरणांमध्ये इतक्या अल्प कार्यक्षमतेचे दुसरे उदाहरण शोधावेच लागेल.

डेसिबेल आणि वॅट

डेसिबेल हे लॉगरिदमवर आधारलेले माप आहे. शक्ती दुप्पट केली की आवाज ३ डेसिबेलने वाढतो; दहापट केली की १० डेसिबेलने. दुसरीकडे, माणसाच्या कानाला आवाज ‘दुप्पट मोठा’ वाटण्यासाठी त्यात साधारण १० डेसिबेलची वाढ व्हावी लागते. या दोन नियमांचा एकत्रित परिणाम ग्राहकाने नीट समजून घ्यावा असा आहे. ५० वॅटच्या जागी १०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर आणल्यास कमाल आवाजात केवळ ३ डेसिबेलची भर पडते. हा फरक जाणवतो, पण डोळ्यांत भरण्याजोगा नसतो. आवाज दुप्पट वाटायला हवा असेल तर ५० चे ५०० वॅट करावे लागतील. ८७ डेसिबेलच्या स्पीकरऐवजी ९० डेसिबेलचा स्पीकर घेतला तरी आवाजातील वाढ ३ डेसिबेलचीच असते, आणि त्यासाठी अ‍ॅम्प्लिफायर बदलावा लागत नाही.

खोलीतील हिशेब

मोजमाप एक मीटरवर होते, पण ऐकणारा खुर्चीत त्याहून दूर बसलेला असतो. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की ध्वनिदाब ६ डेसिबेलने घटतो. तीन मीटरवर ही घट ९.५ डेसिबेल होते. बंद खोलीत भिंती, छत आणि जमीन यांवरून परावर्तित झालेला आवाज मूळ आवाजात मिसळतो, त्यामुळे प्रत्यक्षातील घट कमी असते. सामानसुमान असलेल्या बेताच्या दिवाणखान्यात परावर्तनामुळे ढोबळ मानाने ३ डेसिबेल परत मिळतात असे धरता येते. स्टिरिओचे दोन स्पीकर एकाच वेळी वाजत असल्याने आणखी ३ डेसिबेलची भर पडते.

उदाहरणादाखल ८७ डेसिबेलचे दोन स्पीकर आणि तीन मीटर अंतर घेऊ. प्रत्येकी एक वॅट दिल्यास खुर्चीपाशी ८७ – ९.५ + ३ + ३, म्हणजे सुमारे ८३.५ डेसिबेल आवाज येईल. घरात मन लावून ऐकण्यासाठी सरासरी ८० डेसिबेल हा भरपूर मोठा आवाज आहे. तेवढ्यासाठी प्रत्येक स्पीकरला अर्ध्या वॅटहूनही कमी शक्ती लागते. ही गोष्ट बहुतेकांना प्रथमदर्शनी खरी वाटत नाही.

मग शंभर वॅटचे अ‍ॅम्प्लिफायर कशासाठी? याचे उत्तर संगीताच्या स्वरूपात आहे. संगीताची पातळी स्थिर नसते. तंबोऱ्याचा अखंड नाद सरासरीच्या आसपास राहतो, पण तबल्यावर पडलेली थाप किंवा पियानोचा जोरकस स्वर क्षणार्धासाठी सरासरीच्या कितीतरी वर उसळी घेतो. संगीतातील सरासरी आणि शिखर यांच्यात साधारण १० ते २० डेसिबेलचे अंतर असते. ध्वनिमुद्रणानंतर दाबून सपाट केलेल्या आजच्या अनेक चित्रपटगीतांत ते याहूनही कमी असते, तर जपून केलेल्या शास्त्रीय संगीताच्या ध्वनिमुद्रणात ते बरेच असू शकते. वीस डेसिबेल म्हणजे शंभरपट शक्ती. सरासरी ८० डेसिबेल ठेवून १०० डेसिबेलचे शिखर स्वच्छ ऐकू यायचे असेल, तर वरील उदाहरणात प्रत्येक स्पीकरला क्षणभर सुमारे ४५ वॅट मिळाले पाहिजेत. स्पीकर ९० डेसिबेलचे असतील तर २२ वॅट पुरतात. ८४ डेसिबेलचे असतील तर ८९ वॅट लागतात, आणि ९८ डेसिबेलच्या स्पीकरांना साडेतीन वॅटमध्ये तेच काम साधते. अंतर, खोली व ऐकणारा तेच असूनही गरज पंचवीसपट बदलते, ती केवळ स्पीकरमुळे.

या हिशेबाला कानाची मर्यादा आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने कामगारांसाठी ८५ डेसिबेल (ए-मापन) आवाजात दिवसाला आठ तास ही मर्यादा सुचवली आहे. त्यापुढे दर ३ डेसिबेलला वेळ निम्मा करावा लागतो, त्यामुळे १०० डेसिबेलच्या सलग आवाजासाठी ही मुदत पंधरा मिनिटांवर येते. शिखरे क्षणिक असल्याने त्यांचा प्रश्न वेगळा. पण ज्याला सरासरीच ९५ डेसिबेल हवी आहे, त्याने अधिक वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर शोधण्याआधी आपल्या श्रवणशक्तीचा विचार करणे शहाणपणाचे. शेजाऱ्यांचाही विचार आहेच. भारतातील ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल (ए-मापन) अशी मर्यादा आहे.

संरोध

वॅटचा आकडा संरोधाविना अपुरा असतो. ८ ओहमला ५० वॅट देणारा अ‍ॅम्प्लिफायर २० व्होल्ट आणि अडीच अँपिअर पुरवत असतो. त्याला ४ ओहमचा स्पीकर जोडल्यास तेवढ्याच व्होल्टला पाच अँपिअर प्रवाह लागतो. त्याचा ट्रान्सफॉर्मर आणि आउटपुट ट्रान्झिस्टर दणकट असतील तर तो १०० वॅट देतो. नसतील तर तापतो, संरक्षक यंत्रणा त्याला बंद करते किंवा आवाज फाटू लागतो. शिवाय ‘८ ओहम’ ही केवळ नाममात्र किंमत असते. स्पीकरचा संरोध वारंवारतेनुसार सतत बदलतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार तो नाममात्र किमतीच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरमध्ये ६.४ ओहमच्या खाली उतरू नये. हे बंधन सर्वच उत्पादक पाळत नाहीत. संवेदनशीलता कमी आणि संरोधही कमी, असा स्पीकर स्वस्त अ‍ॅम्प्लिफायरला जोडणे ही सर्वांत वाईट जोडी होय.

कमी शक्तीच्या अ‍ॅम्प्लिफायरचा धोका

‘स्पीकर १०० वॅटचा आहे, अ‍ॅम्प्लिफायर ३० वॅटचाच आहे, म्हणजे स्पीकर सुरक्षित’ हा समज सर्वत्र आढळतो. सौम्य आवाजात तो खरा आहे. जोरात वाजवताना मात्र ट्वीटर जळण्याचे एक कारण हाच समज असतो.

अ‍ॅम्प्लिफायर आपल्या वीजपुरवठ्याच्या मर्यादेपलीकडे व्होल्ट देऊ शकत नाही. मर्यादा ओलांडायला लावली की ध्वनितरंगाचे माथे छाटले जाते. याला क्लिपिंग म्हणतात. माथे पूर्णपणे छाटून चौकोनी झालेला तरंग तेवढ्याच उंचीच्या सुरेल तरंगाच्या दुप्पट शक्ती वाहतो. त्यामुळे ३० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर अशा वेळी ६० वॅटपर्यंत जाऊ शकतो. अधिक घातक बाब पुढेच आहे. संगीतातील बहुतांश शक्ती खालच्या आणि मधल्या स्वरांत असते. तीक्ष्ण स्वरांचा वाटा लहान असतो, आणि त्या भरवशावर ट्वीटरची कॉइल बारीक तारेची व हलकी बनवलेली असते. आवाज वाढवत नेल्यावर खालचे स्वर मर्यादेला टेकून तिथेच थांबतात, पण तीक्ष्ण स्वर लहान असल्याने त्यांना वाढायला अजून जागा असते आणि ते वाढत राहतात. शिवाय छाटलेल्या तरंगातून नव्याच उच्च वारंवारता निर्माण होतात. त्याही ट्वीटरकडे जातात. परिणामी ट्वीटरच्या वाट्याला काही वॅटांऐवजी त्याच्या सहनशक्तीबाहेरची शक्ती येते.

क्लिपिंगमुळे अ‍ॅम्प्लिफायरमधून ‘डीसी’ प्रवाह बाहेर पडतो आणि तो ट्वीटर जाळतो, असे स्पष्टीकरण दुरुस्ती करणारे पुष्कळदा देतात. ते बरोबर नाही. दोन्ही बाजूंनी सारख्याच छाटलेल्या तरंगात एकदिश प्रवाह नसतो. तो असता तरी ट्वीटरच्या मार्गात बसवलेला कपॅसिटर त्याला अडवतो.

व्हॉल्यूमच्या बटणाची जागा पाहून अ‍ॅम्प्लिफायर किती जोर लावतो आहे हे कळत नाही. बटण अर्ध्यावर असताना तो पूर्ण क्षमतेला पोहोचलेला असू शकतो, कारण सीडी प्लेअरसारखी साधने सुमारे दोन व्होल्टचा संकेत देतात आणि पुष्कळ अ‍ॅम्प्लिफायरांना त्याहून कितीतरी कमी संकेत पुरतो. बटणाचा उरलेला अर्धा फेरा ही शिल्लक शक्ती नव्हे. आवाज कर्कश वाटू लागणे हीच खरी खूण.

गरजेहून मोठा अ‍ॅम्प्लिफायर शिखरांना वाव देतो, म्हणून तो स्वतः धोकादायक नाही. धोका हात सुटण्यात असतो. अशा यंत्रणेत सलग मोठ्या आवाजाने कॉइल तापते, आणि तापलेल्या तांब्याचा रोध वाढतो. तापमान २०० अंशांनी वाढले तर तो सुमारे पावणेदोन पटीवर जातो. मग तेवढ्याच व्होल्टला स्पीकर कमी शक्ती घेतो आणि आवाज काही डेसिबेलने बसतो. म्हणजे एका वॅटला मोजलेली संवेदनशीलता शंभर वॅटला कायम राहतेच असे नाही. या बाबतीतही अधिक संवेदनशील स्पीकरची बाजू उजवी ठरते, कारण त्याला तापण्याची वेळ उशिरा येते.

संवेदनशीलता कमी का ठेवली जाते

अधिक संवेदनशील स्पीकरचे इतके फायदे असताना सर्वच स्पीकर तसे का बनवत नाहीत, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर हॉफमनचा लोहनियम या नावाने ओळखले जाते. जोसेफ अँटन हॉफमन हे १९५७ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या केएलएच या कंपनीच्या तीन संस्थापकांपैकी एक. ख्यातनाम पियानोवादक योझेफ हॉफमन यांचे ते पुत्र. लहान पेटी, खोल खर्ज आणि उच्च संवेदनशीलता या तिन्ही गोष्टी एकत्र मिळू शकत नाहीत, असे हा नियम सांगतो. दोन निवडाव्यात आणि तिसरीवर पाणी सोडावे. पुढे ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात याला गणिती रूप दिले. त्यांच्या विश्लेषणानुसार कार्यक्षमता ही पेटीचे घनफळ आणि सर्वांत खालच्या वारंवारतेचा घन यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. म्हणून खर्ज एक सप्तक खाली न्यायचा, म्हणजे वारंवारता निम्मी करायची, तर कार्यक्षमता तीच राखण्यासाठी पेटी आठपट मोठी करावी लागते. पेटी तेवढीच ठेवली, तर ९ डेसिबेल गमवावे लागतात.

या नियमाची एक बाजू महाराष्ट्रात कुणालाही परिचित आहे. सभा, लग्न आणि जत्रांतून वाजणारा भोंगा थोड्या वॅटवर गावभर ऐकू येतो. त्याची संवेदनशीलता १०० डेसिबेलच्या वर असते आणि आकारही आटोपशीर असतो. पण त्यात खर्ज नसतो, म्हणून त्यातून ऐकलेले गाणे पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे वाटते. संवेदनशीलता आणि खर्ज दोन्ही राखून आकारावर पाणी सोडण्याचे उदाहरण म्हणजे पॉल क्लिप्श यांचा १९४६ पासून बनत आलेला क्लिप्शहॉर्न. खोलीच्या कोपऱ्यात बसणारा हा कपाटाएवढा स्पीकर असून त्याची संवेदनशीलता १०५ डेसिबेल सांगितली जाते. तिसरी निवड ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनने १९७० च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी तयार केलेल्या एलएस३/५ए या छोटेखानी स्पीकरची. त्याची पेटी सुमारे पाच लिटरची आणि संवेदनशीलता केवळ ८२–८३ डेसिबेल. मानवी आवाजाच्या अस्सलपणासाठी तो नावाजला गेला, पण मोठ्या दिवाणखान्यात त्याच्याकडून वाद्यवृंदाचा दणका अपेक्षिणे अन्यायाचे ठरेल.

घरगुती यंत्रणांचा प्रवास या तिसऱ्या निवडीकडे झाला. व्हॉल्व्हच्या काळात शक्ती महाग होती. घरोघरीच्या रेडिओत तीन ते पाच वॅट असत आणि कागदी शंकूच्या हलक्या, मोठ्या स्पीकरमुळे ते पुरतही. डी. टी. एन. विल्यमसन यांनी १९४७ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश मासिकात मांडलेला, पुढे आदर्श मानला गेलेला अ‍ॅम्प्लिफायर १५ वॅटचा होता. १९५४ मध्ये एडगर व्हिलचर आणि हेन्री क्लॉस यांच्या अकूस्टिक रिसर्च या कंपनीने एआर-१ हा स्पीकर आणला. हवाबंद पेटीतील हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून त्याने लहान आकारात खोल खर्ज मिळवला. किंमत मोजली ती संवेदनशीलतेची. १९५८ च्या सुमारास स्टिरिओ तबकड्या आल्या आणि एका घरात एकाऐवजी दोन पेट्या ठेवण्याची गरज निर्माण झाली. तेव्हा लहान पेटीचे पारडे जड झाले. पुढे ट्रान्झिस्टरने वॅट स्वस्त केल्यावर संवेदनशीलतेची उणीव अ‍ॅम्प्लिफायरच्या जोरावर भरून काढणे हीच रीत झाली. आजही ३००बी या ट्रायोड व्हॉल्व्हवर चालणारे सुमारे आठ वॅटचे अ‍ॅम्प्लिफायर हौसेने वापरले जातात. त्यांच्यासाठी ९५ डेसिबेलच्या पुढचे स्पीकर निवडतात, ते याच गणितामुळे.

जाहिरातीतील वॅट

वरील सर्व हिशेब खऱ्या वॅटचा आहे. बाजारात मात्र वॅटचे अनेक प्रकार आढळतात. १९९० च्या दशकात भारतात विकल्या गेलेल्या टेपरेकॉर्डर आणि म्युझिक सिस्टिमच्या खोक्यांवर ‘पीएमपीओ’ या अक्षरांसह हजारो वॅटचे आकडे झळकत. पीक म्युझिक पॉवर आउटपुट या संज्ञेला कोणतीही मान्य व्याख्या नाही, म्हणून त्या आकड्यावरून खरी शक्ती काढता येत नाही. त्या खोक्याच्या पाठीमागे छापलेला वीजवापराचा आकडा पाहिला तरी भ्रम दूर होई. मुख्य वाहिनीतून ६० वॅट घेणारे यंत्र स्पीकरला हजार वॅट सतत देऊ शकत नाही, हे कळायला उच्च गणित लागत नाही. अमेरिकेत अशा अतिशयोक्तीला आळा घालण्यासाठी फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये नियम केला. त्यानुसार सतत देता येणारी शक्ती, संरोध, वारंवारतेचा पट्टा आणि विरूपणाचे प्रमाण या चारही गोष्टी एकत्र सांगणे बंधनकारक झाले.

‘आरएमएस वॅट’ हा रूढ शब्दप्रयोगही काटेकोर नाही. आरएमएस मूल्य व्होल्ट आणि अँपिअर यांचे काढतात. त्यांच्या गुणाकारातून मिळते ती सरासरी शक्ती. तरीही सतत देता येणाऱ्या शक्तीसाठी हा शब्द रुळला आहे आणि पीएमपीओपेक्षा तो कितीतरी विश्वसनीय आहे.

सक्रिय स्पीकर

ज्या स्पीकरच्या पेटीतच अ‍ॅम्प्लिफायर बसवलेला असतो, त्याला सक्रिय स्पीकर म्हणतात. ब्लूटूथ स्पीकर आणि साउंडबार हे याच जातीचे. यांत मेळ घालण्याचे काम उत्पादकाने केलेले असते, आणि बहुधा वूफर व ट्वीटर यांना वेगवेगळे अ‍ॅम्प्लिफायर देऊन ट्वीटरचे रक्षणही केलेले असते. अशा स्पीकरच्या बाबतीत एका वॅटची संवेदनशीलता विचारण्यात अर्थ उरत नाही. एक मीटरवर मिळणारा कमाल ध्वनिदाब आणि सर्वांत खालची वारंवारता हे दोन आकडे विचारावेत. स्टुडिओसाठी बनवलेल्या स्पीकरांच्या माहितीपत्रकात ते दिलेले असतात. घरगुती स्पीकरांच्या खोक्यावर बहुधा अजूनही वॅटच छापतात.